आठ तारखेचा पास

दहावीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण विचारतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मथळे घातले आणि खाली चार-चार ओळी भरल्या की निम्मे गुण कुठे जात नाहीत. आज वाचायला घेतलेल्या मजकुराला हे तिन्ही मथळे लागू पडतात, फक्त ती कविता नाही. ती एक दोनशेपानी वही आहे. पुढच्या साठेक पानांवर मुलाचा दहावीचा भूगोल, भारत आणि ब्राझीलच्या हवामानाची तुलना वगैरे. वही उलटी धरली की मागच्या बाजूने सुरू होतो मुंबईतल्या माहुलच्या एका चौकोनी कुटुंबाचा 2025 सालचा जमाखर्च.

लिहिणाऱ्या बाईंनी नाव नको म्हटलं आहे, तेव्हा ताई म्हणू. ताई विद्याविहारला दोन घरी स्वयंपाकाला जातात. यजमान कुर्ल्याला एका गोदामावर वॉचमन. मुलगा बारावीला, मुलगी सातवीत. यजमानांचे साडेचौदा हजार सात तारखेला येतात. ताईंचे साडेआठ हजार दोन तुकड्यांत येतात. एक घर एक तारखेला देतं, दुसरं आठवण केल्यावर. मिळून 23 हजार. महिना पार पडला, वाण्याचं मिटलं, की ताई त्या पानावर तिरकी रेघ ओढतात. रेघ ओढलेली पानं वाचायला त्यांची हरकत नव्हती. चालू महिन्याचं पान त्यांनी दाखवलं नाही. योग्यच केलं, अर्धा खर्डा कुठला लेखक दाखवतो?

पान एक तारखेला सुरू होत नाही. ताईंचा महिना सातला उजाडतो आणि पुढच्या सहाला मावळतो. डाव्या बाजूला जिन्नस, उजव्या बाजूला आकडा, मध्ये टिंबांची ओळ. बेरीज रोजची नाही, आठवड्याची; तीही शनिवारी रात्रीची असावी, कारण तिथली शाई बदलते आणि अक्षर बसकं होतं.

आधी भाषेकडे पाहू. सात ते चौदा तारखांच्या ओळी वजनात बोलतात. साखर 2 किलो, तूरडाळ 1 किलो, तेल 1 पिशवी, कांदे 3 किलो. सोळा-सतराच्या सुमाराला वजनं उतरतात: डाळ अर्धा, तेल अर्धी. बावीसच्या पुढे वजन हा प्रकारच संपतो. साखर 20 ची. तेल 30 चं. चहापत्ती 10 ची. दुकान तेच, जिन्नस तेच, लिहिणारा हातही तोच. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वस्तू किती हवी ते आधी ठरतं आणि पैसे तिच्यामागून जातात. शेवटच्या आठवड्यात पैसे किती उरले ते आधी ठरतं आणि वस्तू त्यांच्या मापाने येते. ओढाताण, टंचाई, महिनाअखेर यातला एकही शब्द त्या वर्षभराच्या वहीत नाही. 'तेल 30 चं' इतकं लिहिलं की सगळं आलं. आपल्याकडे दारिद्र्यावर लिहिणाऱ्या ज्या मंडळींनी विशेषणांचा सुकाळ केला, त्यांनी ही ओळ एकदा वाचावी.

त्या ओळीत एक अर्थशास्त्रही आहे. वीस रुपयांची साखर किलोच्या भावाने येत नाही, सुट्याला चढा भाव पडतो. म्हणजे ज्या आठवड्यात हातात सगळ्यांत कमी पैसे, त्याच आठवड्यात साखर सगळ्यांत महाग. ताईंना हे ठाऊक आहे. मार्चच्या पानावर 'साखर 20 ची' शेजारी त्यांनी कंसात किलोचा भाव लिहून ठेवला आहे. पुढे काही नाही. उद्गारचिन्हसुद्धा नाही.

चवीचाही एक आलेख आहे. आठ-नऊ तारखेला 'चिकन अर्धा'. पंधराच्या आसपास 'अंडी 6'. वीसच्या पुढे 'सुकट 40'. माहुलला जुना कोळीवाडा आहे, इमारती, टाक्या, रिफायनऱ्या यायच्या कितीतरी आधीचा, आणि तिथल्या बायका सुकी मासळी घेऊन बसतात. मूठभर सुकट, दोन कांदे, एक टोमॅटो, भरपूर तिखट. चार माणसांची ताटं त्यावर निघतात आणि वास असा सुटतो की कुणाला ती महिनाअखेर वाटू नये. चिकनच्या ओळीपेक्षा सुकटीची ओळ मला अधिक रसाळ वाटते. चिकन पगार आणतो. सुकट घरच्या बाईला आणावी लागते. श्रावणात (त्या वर्षी 25 जुलैपासून) हे दोन्ही गायब आहेत, आणि त्या पानावर शनिवारची बेरीज दोनतीनशेंनी खाली आली आहे. व्रताचं पुण्य जिथे पोचायचं तिथे पोचो, वहीत ते रोखीने दिसतं.

अशा वह्यांची चर्चा निघाली की आपल्यातला मध्यमवर्गीय तपासनीस जागा होतो आणि लाल पेन्सिल काढतो. त्याच्या पेन्सिलीला सगळ्यांत आधी सापडेल ती दर शुक्रवारची ओळ: गजरा 20. ही ओळ सत्तावीसलाही आहे, तिसालाही आहे. तेल 30 चं आलं त्या दिवशीही गजरा आहे. महिन्याचे 80, कधी 100. वर्षाचे हजाराच्या वर. तपासनीस म्हणेल, इथे वाचवता आले असते. मी म्हणतो, ही ओळ काढली तर वही खालच्या दर्जाची होईल. सगळंच गरजेचं असलेला हिशोब कोणीही करील. एक बिनगरजेची गोष्ट वर्षभर एकदाही न चुकवता निभावायची म्हणजे बाकीच्या ओळींवर हुकमत लागते. दुसरी एक ओळ आहे, 'ह्यांना 500'. दर महिन्याला, सात तारखेलाच, कारणाशिवाय. बाकी खर्चाला रास्त खुलासा आहे, या एकाला नाही. रसिकानेही प्रत्येक ठिकाणी अर्थ विचारू नये.

आता वहीतलं सर्वांत सुंदर स्थळ. पहिल्या वाचनात ते माझ्या नजरेतून सुटलं होतं, कारण ते एका पानावर नाही, चार पानांवर पसरलं आहे.

ताई माहुलहून बेस्टच्या बसने कुर्ल्याला येतात आणि कुर्ल्याहून एक स्टेशन लोकलने विद्याविहार. लोकलचं तिकीट पाच रुपये, जाऊन-येऊन दहा. महिन्याचा पास शंभराचा. महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस धरले तर तिकिटाचे अडीचशे-दोनशेसाठ होतात, म्हणजे पास कधीही स्वस्त. हे कुणालाही कळतं. वर्षाच्या सुरुवातीला मात्र ताईंचा पास बावीस तारखेला संपत असे. बावीसला हातात शंभर रुपये एकरकमी असणं म्हणजे दुसऱ्या कशाला तरी कात्री. जुन्या वहीतल्या डिसेंबरच्या पानावर ओळ आहे: 'पास 100 (उ. शेजारी)'. त्याआधीच्या महिन्यातही तीच. दर महिन्याला उसने घ्यायचे, सातला फेडायचे. शेजारणीने व्याज घेतलं नसेल, पण उसनवारीला व्याज नसतं असं चाळीत राहिलेला कुठलाही माणूस म्हणणार नाही.

जानेवारीत 22 ला पास संपला. या वेळी उसने घेतल्याची नोंद नाही, पासाचीही नाही. 23 पासून रोज एकच ओळ सुरू होते: तिकीट 10, तिकीट 10, तिकीट 10. रविवार सोडून 7 फेब्रुवारीपर्यंत चौदा दिवस. चौदा दाहे एकशेचाळीस. शंभराचा पास काढला असता तर महिना निघाला असता, तिथे पंधरवड्यात एकशेचाळीस गेले. वाचताना वाटतं, बाईंचा हात फारच आखडला असणार, शंभरसुद्धा उभे राहिले नाहीत. आणि मग 8 फेब्रुवारीला, पगाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, 'पास 100'. त्यानंतर 8 मार्च. 8 एप्रिल. 8 मे. वर्ष संपेपर्यंत आठ तारीख हलत नाही, आणि 'उ. शेजारी' ही नोंद पुन्हा कधी दिसत नाही.

म्हणजे पास चुकला नव्हता. ताईंनी तो पंधरा-सोळा दिवस मुद्दाम पडू दिला आणि पासाची तारीख पगाराच्या दारात आणून बसवली. त्यासाठी एकदाच एकशेचाळीस मोजले. अर्थखात्यात याला भारदस्त नाव असेल. कर्जाची मुदत उत्पन्नाच्या तारखेशी जुळवणाऱ्या माणसाला बँका मोठा पगार देतात. वहीत त्याबद्दल अवाक्षर नाही. अनुप्रास नाही, यमक नाही, पण चार पानं लांबीची अशी रचना, जिच्यात सुरुवातीच्या तोट्याचा अर्थ शेवटच्या ओळीला उलगडतो, ती मला तरी कथाकाराच्याच जातीची वाटते. तंग हाताने महिना काढणं म्हणजे कमी खर्चणं, अशी आपली समजूत असते. ही वही सांगते की खरी कारागिरी रकमांत कमी आणि तारखांत जास्त आहे. 23 हजारांत काय-काय बसतं हा प्रश्न दुय्यम. कशाची पाळी सातच्या आधी येते आणि कशाची नंतर, यावर घर चालतं.

हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या ओळी वेगळ्या दिसू लागतात. उदाहरणार्थ 'ल. ब. 1500'. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार. योजना 2024 च्या जुलैपासूनची. हे पैसे महिन्याच्या पानावर कुठेच नाहीत. त्यांची वेगळी यादी वहीच्या अगदी शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत आहे, समोर जमा झाल्याची तारीख. तारखा मागेपुढे उड्या मारतात. ज्या पैशाची तारीख पक्की नाही त्याच्या भरवशावर तारीख पक्की असलेला खर्च ठेवायचा नाही, हा ताईंचा नियम. म्हणून हे पैसे आले की पडून राहतात आणि पुढच्या महिन्याची हजाराची भिशी त्यातून जाते. हातात आलेल्यातूनच, येणाऱ्यातून नाही. भिशी बारा बायकांची. ताईंचा नंबर ऑक्टोबरचा होता, दिवाळीचा. त्यांनी तो मजल्यावरच्या एकीशी बदलून ऑगस्टचा घेतला. 2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आली, पगारापासून बरीच लांब, आणि यांचा गणपती गावी, कोकणात. एसटीचं तिकीट, मूर्तीतला वाटा, भावाच्या मुलांना कपडे, सगळं त्या बारा हजारांतून. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, तेही महिन्याच्या पडत्या अंगाला. तिथे मात्र वही कच खाते. ऑक्टोबरच्या पानावर वाण्याची उधारी वर्षातली सगळ्यांत मोठी आहे आणि रेघ ओढायला नोव्हेंबरची चौदा तारीख उजाडली आहे.

वाण्याचीही वही असतेच. ती मी ओझरती पाहिली. तिच्यात रस नाही. तिथे सगळी गिऱ्हाइकं एकाच सुरात बोलतात. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रं इंद्रायणीत सोडली ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. दुकानदाराने केलेलं स्वतःच्या वाङ्मयाचं ते नेमकं परीक्षणही असावं.

मे महिन्याचं पान सुरुवातीलाच दुभंगलं आहे. 9 मे 2025 पासून बेस्टची भाडेवाढ झाली. साध्या बसचं किमान भाडं 5 चं 10 झालं, पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्याचे 10 चे 15. ताईंचा टप्पा हाच. आठपर्यंत 'बस 20', नऊपासून 'बस 30'. दिवसाला दहा रुपये वाढले. यजमानांचेही तितकेच, त्यांनाही रविवारची सुट्टी धरून महिन्याला दोघांचे पाचशेच्या वर. या आकड्यावर अग्रलेख लिहिता येतो, लिहिलेही गेले. ताईंनी काय केलं ते पाहायला दोन ओळी खाली यावं लागतं. पानावर रोज एक ओळ असायची, 'चहा 10', कुर्ला स्टेशनाबाहेरचा, संध्याकाळी परतताना, बसच्या रांगेत उभं राहण्याआधीचा. सोमवार, 12 मेपासून ही ओळ नाही. दहा वाढले, दहा गेले. पुढे जूनमध्ये एकदा ती परत येते, एका मंगळवारी, आणि त्या दिवशी बसच्या खात्यात 15 च आहेत. एका बाजूचा प्रवास कुणाच्या तरी गाडीतून फुकट झाला असणार. त्या दिवशी त्यांनी चहा प्यायला. मला वाटतं सबंध वहीत आनंद शब्दाच्या इतक्या जवळ जाणारी दुसरी जागा नाही.

ऑगस्टमध्ये 19 तारखेसमोर 'खाडा' आहे. मुंबईला दोन दिवस पावसाने झोडपलं तो मंगळवार. त्याच संध्याकाळी म्हैसूर कॉलनीजवळ गच्च भरलेली मोनोरेल अधांतरी अडकली आणि शेकडो प्रवाशांना शिड्या लावून उतरवावं लागलं. म्हैसूर कॉलनी म्हणजे माहुलचं दारच. मोनो या भागावरून 2014 पासून जात होती, भारत पेट्रोलियम नावाचं स्टेशनही घेत होती, पण ती जायची वडाळ्याकडे आणि चेंबूरकडे; ताईंच्या वहीत तिचं तिकीट एकदाही नाही, आणि सप्टेंबरमध्ये ती दुरुस्तीसाठी बंद झाली त्याची नोंद असण्याचं कारण नाही. खाड्याची नोंद मात्र दोनदा येते. सप्टेंबरच्या पानावर एका घराने त्या दिवसाचे पैसे कापले, दुसऱ्याने नाही. कुठल्या घराने, ते ताईंनी लिहिलेलं नाही. रकमेवरून कळतं.

आशयसौंदर्याकडे आलो आहोत, तर जे वहीत नाही त्याबद्दल बोललं पाहिजे. मुंबईच्या कुठल्याही गरीब घराच्या हिशोबात पहिली ओळ भाड्याची असते. इथे ती नाही. ताईंचं कुटुंब नाल्याच्या कामात कुर्ल्याहून उठवलेलं. बदल्यात माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत सव्वादोनशे चौरस फुटांचं घर मिळालं. सात मजली, एकमेकींना खेटलेल्या 72 इमारतींतलं एक. घर फुकट. मग ते फुकट घर वहीत कुठेतरी दिसायला हवं, म्हणून मी ते शोधलं. सापडलं, पण चार ठिकाणी विखुरलेलं.

कुर्ल्यात राहताना यजमान गोदामावर चालत जात आणि ताईंना शंभराचा पास पुरे. तेव्हा 'बस' ही सगळीच ओळ माहुलची. रेशनचं धान्य वीस किलो, माणशी पाच, 2023 पासून फुकट. पण कार्ड अजून जुन्या पत्त्याचं, दुकान कुर्ल्याचं, म्हणून 'रेशन 0' आणि खालच्या ओळीला 'रिक्षा 40'. हे शून्य लिहिण्याची ताईंची पद्धत मला फार आवडली. फुकट मिळालं तेही जमेत धरायचं आणि त्याला लागलेली हमालीही लपवायची नाही. तिसरी ओळ 'पंप', मुलीचा, दम्याचा. चौथी 'डॉक्टर'. जूनच्या पानावर या चार ओळींची बेरीज मी केली: बस 1500, पंप आणि डॉक्टर 760, रिक्षा 40. एकूण 2300. मिळकतीचा बरोब्बर दहावा हिस्सा. भाड्याची ओळ नसलेल्या घराचं हे भाडं.

पंपाच्या ओळीला वहीत वेगळी वागणूक आहे. बाकी काहीही पुढे ढकललं जातं, लाइटबिल, मुलाच्या क्लासची फी, ताईंच्या स्वतःच्या चष्म्याचा नंबर. पंप कुठल्याही तारखेला येतो आणि त्या दिवशी भाजीची ओळ नसते. त्यामागची हवा वहीत नाही, ती सरकारी कागदांत आहे. माहुलच्या एका अंगाला 1954-55 च्या दोन रिफायनऱ्या, आसपास रसायनांच्या साठ्याच्या टाक्या, खतांचा कारखाना, वीजकेंद्र. केईएम रुग्णालयाने 2013 मध्ये इथे पाहणी केली तेव्हा तपासलेल्या दर तिघांतल्या दोघांना धाप लागत होती. इथली हवा रहिवाशांच्या तब्येतीला धोक्याची आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये मान्य केलं, आणि 2020 मध्ये चार कंपन्यांना मिळून 286 कोटी रुपये भरायला सांगितले. याच रिफायनऱ्यांच्या सावलीत ताईंचा सिलिंडर येतो. एप्रिल 2025 मध्ये तो मुंबईत 802 रुपये 50 पैशांवरून 852 रुपये 50 पैशांवर गेला. ताई पैसे लिहीत नाहीत. सिलिंडरसमोर त्या फक्त किती दिवस पुरला ते लिहितात: 47, 49, 44, आणि गणपतीत गावी गेले तेव्हा 58.

तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून हजारो कुटुंबं इथे आणली गेली, त्यांचं प्रकरण ताईंच्या आधीपासून गाजत होतं. 2018 च्या ऑक्टोबरपासून त्यांतली अनेक कुटुंबं विद्याविहारला फुटपाथवर बसली होती, माहुलला परत जाणार नाही म्हणून. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आदेश दिला: या कुटुंबांना दुसरीकडे भाड्याने राहता यावं म्हणून दरमहा 15 हजार रुपये आणि अनामतीचे 45 हजार द्या. ताई जलवाहिनीवाल्या नव्हेत, नाल्यावाल्या. तो आकडा त्यांच्या जमेच्या बाजूला कधी आला नाही. पण हिशोबाच्या वह्या वाचणाऱ्याला तो आकडा मोठा बोलका वाटतो. मुंबईत श्वास घेता येईल अशा जागी राहायचं तर एका कुटुंबाला साधारण किती लागतं, ते न्यायालयाने रुपयांत लिहून दिलं. ताईंच्या मिळकतीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. बाजाराचं मतही वेगळं नाही. 2025 मध्ये महापालिकेने माहुलमधली पडून असलेली घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना 12 लाख 60 हजारांत विकायला काढली. या शहरात त्या किमतीत अनेक ठिकाणी पार्किंगची जागा मिळत नाही. तरी अर्ज अगदी तुटपुंजे आले. सगळ्यांनी आपापल्या वहीत बेरीज करून पाहिली असणार.

गरिबांचे हिशोब वाचण्याची मुंबईला जुनी परंपरा आहे. सरकारच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये कामगारांच्या सुमारे अडीच हजार कुटुंबांचे महिन्याचे जमाखर्च गोळा केले आणि फिंडले शिरस यांनी 1923 मध्ये त्यावर अहवाल छापला. मिळकत महिन्याला बावन्न रुपयांच्या घरात, निम्म्याच्या आसपास कुटुंबं सावकाराकडे अडकलेली. त्यात एक निष्कर्ष असा आहे की तो वाचून पुस्तक मिटावं लागतं: कामगार जे धान्य खातो ते दुष्काळ-संहितेने ठरवलेल्या मापाइतकं आहे आणि मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्यापेक्षा कमी. इतकं धारदार वाक्य ताईंच्या वहीत नाही. पण त्या अहवालात जे असू शकत नाही ते इथे आहे. सरासरी काढली की तारखा पुसल्या जातात. सात तारखेचं घर आणि सत्तावीस तारखेचं घर यांची बेरीज करून दोनाने भागलं की जे घर उरतं त्यात कुणीच राहत नाही. अडीच हजार कुटुंबांत शेजारणीकडून पासाचे शंभर घेणाऱ्या किती आणि पास आठ तारखेवर आणून बसवणाऱ्या किती, हे कुठल्याच कोष्टकात येणार नाही.

दोष दाखवल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही, म्हणून एक दाखवतो. वहीत उद्याची ओळ नाही. मुलगा बारावीनंतर काय शिकणार, त्याला किती लागतील, पावसाळ्यानंतर गळणाऱ्या भिंतीचं काय, यासाठी एक कोरं पानही ठेवलेलं नाही. ताईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढचं लिहून ठेवलं की ते आजच्यात घुसतं." यावर वाद घालता येईल. मी घातला नाही.

या वहीला मी पहिल्या प्रतीची म्हणतो, आणि ती गरिबीची वही म्हणून सवलतीचे गुण देऊन नव्हे. बारा पानं, एक रेघ उशिरा, एक कुठलंच स्पष्टीकरण नसलेली पाचशेची ओळ, शंभराच्या पासाभोवती बांधलेली एक पक्की गोष्ट. मात्र तिच्यातली निम्मी कारागिरी खर्ची पडली आहे ती दुसऱ्यांनी पुढेमागे केलेल्या तारखा सावरण्यात. तेव्हा तुमच्या घरी कुणी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, म्हाताऱ्यांजवळ बसायला येत असेल, तर त्यांचा पगार एक तारखेला द्या, आठवण करण्याची वाट न बघता. आणि पावसाचा खाडा कापू नका.